गावाची खोली

‘बटाट्याची चाळ’ वर्गात शिकवताना एक गोष्ट नेहमी जाणवते. चाळ म्हटली की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर कुटुंबे येतात. नळावरची भांडणे, गच्चीवरचे कार्यक्रम, शेजारणीकडून आणलेली वाटीभर साखर. पु. ल. देशपांडे यांचे पुस्तक 1958 साली आले आणि गिरगावी वळणाची ती पांढरपेशा चाळ हीच पुढे ‘चाळसंस्कृती’ या शब्दाची व्याख्या होऊन बसली. समीक्षेनेही ती व्याख्या सरसकट लालबाग-परळला लावली. आमच्या मते येथे मोठी गल्लत झाली आहे. गिरणगावातल्या पहिल्या काही पिढ्यांतले असंख्य कामगार चाळीत संसार करीतच नव्हते. त्यांच्या वाट्याला येई ती खोलीतली एक खुंटी, एका ट्रंकेची जागा आणि वळकटी पसरण्यापुरती जमीन.

ही खोली बहुधा त्यांच्या गावाची असे. रत्नागिरीकडच्या एखाद्या वाडीचे किंवा सातारा-कोल्हापूरकडच्या एखाद्या खेड्याचे लोक डिलाईल रोडला, लालबागेत एक खोली धरून ठेवत. भाडेपावती एकाच्या नावाने, भाडे मात्र सर्वांच्या वर्गणीचे. गावाहून नवा पोरगा आला की नोकरी लागेपर्यंत त्याने तेथे पडायचे आणि पहिला पगार झाला की वर्गणी सुरू करायची. गिरण्या पाळ्यांत चालत, म्हणूनच एवढ्याशा जागेत एवढी माणसे मावत. एका पाळीचे लोक उठले की दुसऱ्या पाळीचे अंग टाकत. सुट्टीच्या दिवशी सगळेच हजर, मग व्हरांडा, जिना आणि फुटपाथ हीच खोली. 1921 च्या जनगणनेत मुंबईत पुरुषांच्या तुलनेत स्त्रिया निम्म्याच्या आसपास होत्या. या आकड्याचा अर्थ त्या खोलीत डोकावल्याखेरीज कळणार नाही.

हुबेहूब अशीच व्यवस्था धोबीतलावच्या परिसरात गोवेकरांनी उभारली होती आणि आपल्या साहित्यचर्चेत तिचा उल्लेख अभावानेच आढळतो. तिचे नाव ‘कूड’. कोकणीत कूड म्हणजे खोलीच. 19 डिसेंबर 1961 पर्यंत गोवा पोर्तुगीज अमलाखाली होता, त्यामुळे बोटीवरचा खलाशी, आचारी, बँडमधला वादक हे सारे तेव्हा कागदोपत्री परदेशी कामगारच. गावागावाचा आपला क्लब. जेर महाल या एकाच इमारतीत असे कितीतरी. बोटीवरून उतरलेल्या माणसाने पुढची बोट मिळेपर्यंत तेथे राहावे, संध्याकाळी वेदीसमोर जपमाळेच्या प्रार्थनेला बसावे आणि पेटी तेथेच ठेवून पुन्हा निघावे. गिरणगावातल्या खोलीत जे काम भजन आणि सत्यनारायण करीत, तेच येथे गावच्या संताचे फेस्त करी. पहिले तियात्र मानले जाणारे ‘इटालियन भुर्गो’ 17 एप्रिल 1892 रोजी रंगले, तेही मुंबईतच. गोवेकरांनी ही नोंद अभिमानाने जपली. आपण मात्र नमन, जाखडी, शाहिरी आणि कामगार रंगभूमी यांची स्वतंत्र प्रकरणे लिहितो. त्यांच्या तालमी कोणत्या जागेत, कोणत्या पाळीनंतर होत असत, हे विचारायचे राहूनच जाते.

या खोलीचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. ‘गावाची’ म्हणजे प्रत्यक्षात गावातल्या ठरावीक जातीची. वेशीबाहेरच्याला ती मुंबईतही वेशीबाहेरच ठेवी. बाबूराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (1963) या कथेचा नायक परगावी नोकरीला जातो आणि तेथे राहायला जागा मिळवणे हाच त्याचा पहिला पेच ठरतो. ही कथा आपण जातीची कथा म्हणून शिकवतो, ते योग्यच. पण ती भाड्याच्या खोलीचीही कथा आहे, हे वर्गात क्वचितच बोलले जाते.

आणि स्त्रिया? गावी राहिलेली बायको आपल्याकडे शाहिरीत आली. अण्णा भाऊ साठे यांच्या छक्कडीतली मैना कोण विसरेल? पण या पुरुषांना महिनाभर उधारीवर जेवू घालणारी खानावळवाली, जी बहुधा स्वतःच गिरणी कामगाराची बायको असे, ती कोठे आहे? प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या बायकांना सावकाराकडून बँकेच्या दारी नेले. सामाजिक कार्याच्या इतिहासात त्यांची नोंद झाली. मराठी कथा-कादंबरीत मात्र, आम्हांला आठवते तेथवर, ती ताट वाढून निघून जाणारे दुय्यम पात्रच राहिली आहे.

हे सारे आज लिहिण्याचे कारण निव्वळ वाङ्मयीन नाही. ज्या परळ-लोअर परळात गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले, तेथेच बंगाल-झारखंडचे बांधकाम मजूर पत्र्याच्या शेडमध्ये राहतात. रखवालदारीची पोरे एक खोली पाळीपाळीने वापरतात. तीच खुंटी, तीच वळकटी. मे 2020 मध्ये अशीच माणसे पायी गावाकडे निघाली, तेव्हा 1896 च्या प्लेगातली मुंबईतून झालेली पळापळ आठवायला हवी होती. त्याऐवजी गिरणगावावर गहिवरून बोलणारे आमचे सहकारी स्टाफरूममध्ये ‘लोंढे’ हा शब्द सहज वापरतात. आम्हीही पूर्वी वापरला आहे. चाकरमान्याला आपण व्यक्तिरेखा दिली आणि आजच्या मजुराला नैसर्गिक आपत्तीची उपमा दिली. हा वाचन कमी पडल्याचाच परिणाम आहे, असे आम्हांला वाटते.

इकडे बीडीडी चाळींतल्या 160 चौरस फुटांच्या खोलीऐवजी 500 चौरस फुटांची घरे मिळू लागली आहेत. वरळीत ऑगस्ट 2025 मध्ये पहिल्या कुटुंबांच्या हाती चाव्या पडल्या. हे घर त्यांनी कधीचेच कमावले होते. मात्र पात्रता माणसाच्या नावाने ठरते. ‘गाव’ नावाचा भाडेकरू कोणत्याच यादीत बसत नाही. पुनर्विकासात अशा खोल्या रिकाम्या होताना त्यांतल्या ट्रंकाही हलतात आणि एखाद्या ट्रंकेच्या तळाशी वर्गणीची वही असते: नावे, आणे-पैसे, कोण कधी आला, कोण संपात गावी गेला तो परतलाच नाही. एम.ए.च्या प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांनी त्या वह्या रद्दीत जाण्याआधी आपापल्या ग्रामस्थ मंडळाकडे विचारून पाहावे. आजोबांचे नाव सांगितले तर बहुतेक कोणी नाही म्हणणार नाही.