केमोथेरपीआधी हे विचारायलाच हवे

कर्करोगातून बऱ्या झालेल्या मुलीला ‘जीव वाचला, हेच खूप’ असे ऐकवण्याचे दिवस सरले आहेत. काही केमोथेरपी औषधे आणि ओटीपोटावरचे रेडिएशन बीजांडकोशातला बीजांचा साठा संपवू शकतात, आणि तो पुन्हा भरत नाही. तरुणीला बीजे गोठवता येतात. पण त्यासाठी दहा-बारा दिवस इंजेक्शने घ्यावी लागतात. पाळीच न आलेल्या मुलीला तो मार्ग बंद. तिच्यासाठी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने बीजांडकोशाच्या बाहेरच्या थराचा भाग काढतात, त्याच्या एक-दोन मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या करून द्रव नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांवर ठेवतात आणि ती मोठी झाल्यावर त्या परत बसवतात. 2004 मध्ये ब्रसेल्समध्ये जाक दोने यांच्या पथकाने अशा प्रत्यारोपणानंतरचे पहिले बाळंतपण जाहीर केले. त्या रुग्णाची बीजांडकोशाची ऊती 1997 मध्ये गोठवलेली होती. 2016 मध्ये लंडनमध्ये आई झालेल्या थॅलेसेमियाच्या रुग्णाची ऊती तर बालपणीच काढलेली होती. अमेरिकेतील प्रजननवैद्यक संस्थेने 2019 मध्ये या पद्धतीवरचा ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढला.

आक्षेप खरे आहेत. रक्ताच्या कर्करोगात गोठवलेल्या ऊतीत रोगपेशी दडलेल्या असू शकतात. अशा रुग्णांत प्रत्यारोपण सहसा टाळतात. बाळाची हमी नाही आणि साठवलेली ऊती परत मागणाऱ्या स्त्रियाही थोड्याच. म्हणून निवड काटेकोर हवी. पण ज्यांची बीजे जाण्याचा धोका मोठा, त्यांना पर्यायच न सांगणे याला काटकसर म्हणता येणार नाही. लहान मुलीच्या वतीने पालकांनी का ठरवावे, असेही विचारले जाते. मात्र काहीच न ठरवणे हाही तिच्या वतीने घेतलेला निर्णयच, आणि तो मागे घेता येत नाही. खर्चाचे उत्तर डेन्मार्कने दिले आहे : ऊती स्थानिक रुग्णालयात काढायची, बर्फात ठेवून कोपनहेगनच्या केंद्रात पाठवायची आणि तिथे गोठवायची. प्रत्येक रुग्णालयाला प्रयोगशाळा लागत नाही.

महाराष्ट्रालाही असे एखादे सार्वजनिक केंद्र उभारता येईल आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्याचा खर्च धरता येईल. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या 2021 च्या केंद्रीय कायद्यात भ्रूण साठवण्याला 10 वर्षांची मुदत आहे. तीच फूटपट्टी ऊतीला लावली, तर आठ वर्षांच्या मुलीची ठेव ती अठराची होताच संपेल. तेव्हा नियम स्पष्ट करावेत आणि केमोथेरपीच्या संमतिपत्रात या पर्यायाची नोंद सक्तीची करावी.