गोष्टीतला ओळखीचा माणूस

आम्ही पाचवीत असताना दादीजानने रुस्तम-सोहराबची गोष्ट सांगितली होती. वर्षभरातच शाळेत गुरुजींनी अर्जुन आणि बभ्रुवाहनाची गोष्ट सांगितली. बाप आणि मुलगा समोरासमोर, हातात शस्त्र. घरी पोहोचताच आम्ही दप्तर टाकून म्हणालो, "दादी, तुम्हारी कहानी गुरुजी कू बी मालूम है. फकत नामां बदले हैं."

दादीजान तांदूळ निवडत होती. सूप बाजूला न ठेवताच ती म्हणाली, "नामांच नई बेटा. गौर से सुन. मेरी कहानी में कौन मरता? उनकी कहानी में कौन?"

आम्ही विचार केला. महाभारतात बभ्रुवाहनाला माहीत असते की समोर आपला पिता आहे. अर्जुन पडतो, पण उलूपीच्या मण्याने पुन्हा उठतो. फिरदौसीच्या शाहनाम्यात मात्र रुस्तम आपले नाव लपवतो. मुलाच्या छातीत खंजीर गेल्यावर त्याच्या दंडावरची खूण दिसते. औषध मागायला माणूस धावतो, पण राजा ते देत नाही. फारसीत 'सोहराबच्या मरणानंतरची नोशदारू' अशी म्हणच आहे. वेळ टळून गेल्यावर आलेल्या मदतीला तसे म्हणतात.

पुढे बी.एड.ला असताना एका प्राध्यापकांनी फळ्यावर 'आदिबंध' हा शब्द लिहिला. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग (१८७५-१९६१) यांचे म्हणणे त्यांनी समजावून सांगितले. माणसाच्या मनात त्याच्या एकट्याच्या अनुभवापलीकडचा एक थर असतो, त्याला सामूहिक नेणीव म्हणावे. त्या थरातल्या काही प्रतिमा देशोदेशीच्या गोष्टींत पुन्हा पुन्हा उगवतात : आई, वाट दाखवणारा म्हातारा, प्रवासाला निघालेला वीर, अन्यायाविरुद्ध उठणारा बंडखोर, कपटी भाऊ. सगळ्यांना हे पटत नाही. काही जण म्हणतात की व्यापारी, फकीर आणि सैनिक यांच्याबरोबर गोष्टीच गावोगाव फिरल्या. आम्हाला त्या तासाला एवढेच कळले की दादीजानने सूप न सोडता हाच धडा दिला होता. सारखेपणा कोणालाही दिसतो, शिकायचे असते ते फरकातून.

आता आम्ही पलूसमध्ये नववीच्या मुलांना शिकवतो. शनिवारी अवांतर वाचनाचा तास असतो. त्या तासाला आम्ही एखादे पुस्तक वाचतो, कधी चित्रपटाचा तुकडा दाखवतो. 'आदिबंध' हा शब्द मुलांना जड जातो, म्हणून 'गोष्टीतला ओळखीचा माणूस' म्हणतो. वहीत दोन प्रश्न लिहून घेतो. पहिला, हा माणूस आपल्याला आधी कुठे भेटला होता? दुसरा, या गोष्टीत त्याच्यात नवे काय आहे?

सुरुवात आम्ही आईपासून करतो. साने गुरुजींची 'श्यामची आई' १९३५ साली प्रसिद्ध झाली. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली तिच्यावर चित्रपट काढला आणि पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक त्यालाच मिळाले. मुलगा चुकला तर ती आई लाड करत नाही, त्याला चुकीपाशी थांबवते. हा भाग झाल्यावर आम्ही विचारतो, "ही आई आधी कुठे भेटली?" आमच्या घरांतली मुले हात वर करतात. हजरत अब्दुल कादिर जिलानी यांच्या आईने मुलाच्या कपड्यात चाळीस दिनार शिवले आणि काही झाले तरी खरे बोलायचे असे वचन घेतले. वाटेत दरोडेखोरांनी विचारले तेव्हा मुलाने खरे सांगितले. ही गोष्ट त्यांनी घरी ऐकलेली असते. बाकीच्या मुलांना ती नवी असते आणि ती कान देऊन ऐकतात. त्या दिवशी आपल्या घरातली गोष्ट वर्गाच्या मालकीची होते. सांगणाऱ्या मुलाची मान किती ताठ होते, ते आम्ही पाहिले आहे.

बंडखोरासाठी आम्हाला लांब जावे लागत नाही. शेजारच्या वाळवा तालुक्यातले वाटेगाव हे अण्णा भाऊ साठे यांचे गाव. शाळेत जेमतेम दीड दिवस गेलेल्या या माणसाने १९५९ साली 'फकिरा' लिहिली. वि. स. खांडेकरांनी तिला प्रस्तावना दिली आणि अण्णा भाऊंनी ती बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या माणसांसाठी धान्य आणि खजिना लुटणारा हा मांग समाजातला वीर. वर्गात एकीने विचारले, "सर, फकिरा आपल्यातला का?" आम्ही म्हणालो, "नाही. पण नाव फकिरावरूनच आले आहे." दर्ग्याला नवस बोलून मुलांची अशी नावे ठेवणारी घरे आपल्या भागात सगळ्याच जातींत होती. नावांनाही गोष्टींसारखी कुंपणे नसतात.

इंग्लंडचा रॉबिन हूड मुलांना कार्टूनमधून माहीत असतो. त्याच्या शेजारी आम्ही कुंडल मांडतो. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराचा पैसा नेणारी रेल्वेगाडी प्रतिसरकारच्या तुफान सेनेने अडवली. जी. डी. बापू लाड आणि त्यांचे साथीदार आमच्याच तालुक्यातले. रॉबिन हूड दंतकथेतला, फकिरा कादंबरीतला आणि बापू इतिहासातले. तिघांना एका रांगेत बसवताना ही सीमा मुलांना स्पष्ट सांगावी लागते, नाहीतर इतिहासही सिनेमा वाटू लागतो. मग मेहबूब खान यांच्या 'मदर इंडिया' (१९५७) मधला बिरजू घेतो. तोही सावकाराविरुद्ध उठतो, पण गावातल्या मुलीला पळवायला निघतो तेव्हा त्याची आईच त्याच्यावर गोळी झाडते. बंडखोर कुठपर्यंत बंडखोर असतो आणि कुठून गुन्हेगार होतो, यावर मुले तासभर भांडतात. आम्हाला असे भांडण आवडते.

गेल्या वर्षी मात्र आमच्या या पद्धतीतली मोठी उणीव एका मुलाने दाखवून दिली.

एक गाजलेला ऐतिहासिक चित्रपट येऊन गेला होता. त्यातल्या क्रूर सुलतानाचे नाव वर्गातल्या दोघा-तिघांनी या मुलाला टोपणनाव म्हणून लावले. तो हसण्यावारी नेत होता. एके शनिवारी तास संपल्यावर तो मागे थांबला आणि दखनीत म्हणाला, "सर, पिच्चरां में अपने लोगां ऐसेच कायकू रहते? नई तो खलनायक, नई तो हिरो के वास्ते मरनेवाला दोस्त. ये बी वो ओळखीचा माणूसच क्या?"

आम्हाला चटकन उत्तर सुचले नाही. मुलाने वहीतल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बरोबर दिली होती. हा माणूस आधी भेटला होता का? अनेकदा. नवे काय? काहीच नाही. म्हणजे आमच्या हिशेबाने तोही आदिबंधच ठरत होता! त्या रात्री आम्ही बराच वेळ जागे होतो. शेवटी लक्षात आले की आदिबंध वेगळा आणि ठरीव साचा वेगळा, हे आम्ही मुलांना शिकवलेच नव्हते. दोन्ही पुन्हा पुन्हा भेटतात, म्हणून वरवर सारखे दिसतात. पण रुस्तमने आपले नाव का लपवले, याचे उत्तर त्याच्या मनात शोधावे लागते. साच्यातल्या माणसाला असे मनच नसते. त्याची दाढी, त्याचा सुरमा, त्याचे हसणे आधीच ठरलेले असते. तो काही ठरवत नाही, त्याच्याबद्दल दुसऱ्या कोणीतरी आधीच ठरवलेले असते.

पुढच्या शनिवारी आम्ही फळ्यावर तिसरा प्रश्न लिहिला : हा माणूस स्वतः काही ठरवतो का?

मुलांना आम्ही सांगितले की साचे फक्त मुसलमानांचेच नसतात. लोभी सावकार, भोळा गावकरी, छळणारी सासू, विनोदासाठी आणलेला जाडा मुलगा, हे सगळे साचेच. आपल्या घरांतही दुसऱ्यांबद्दलचे साचे असतात आणि आपण ते जेवताना सहज बोलून जातो, हेही सांगितले. मग प्रत्येकाने एकेक पात्र आणून त्याला तिसरा प्रश्न विचारायचा होता.

त्या मुलाने 'शोले'तले (१९७५) रहीमचाचा आणले, ए. के. हंगल यांनी रंगवलेले इमामसाहेब. आम्ही म्हणालो, "हा तर साचाच आहे. गावातला गरीब बिचारा म्हातारा." मुलगा म्हणाला, "नाही सर. त्यांचा मुलगा मेला. गाव जय-वीरूला गब्बरच्या ताब्यात द्यायला निघालं होतं. ते गप्प बसले असते तर कुणी नावं ठेवली असती? पण त्यांनीच गावाला थांबवलं. त्यांनी ठरवलं." आम्ही खडू ठेवला आणि वर्गासमोर मान्य केले की आमचे चुकले. टोपणनाव लावणाऱ्यांपैकी एक जण तेव्हा विचारता झाला, "मग आमच्या त्या सुलतानाने पिच्चरमध्ये काही ठरवलं का?" त्यावर बरीच चर्चा झाली. टोपणनाव त्या दिवशी बंद झाले असे म्हणणार नाही. मैदानावर ते अजून कधीतरी ऐकू येते. पण मुलगा आता हसण्यावारी नेत नाही. उलट विचारतो, "हे तू ठरवलंस की पिच्चरनं?"

या तासावरून एक पालक आमच्याकडे आले होते. त्यांची मुलगी वर्गात हुशार. ते म्हणाले, "सर, पुस्तकं शिकवा, आमची ना नाही. पण शाळेत सिनेमा कशाला? उद्या तुम्ही पैगंबरांच्या गोष्टीही या यादीत घालाल." त्यांची काळजी आम्हाला पटण्यासारखी वाटली. आम्ही सांगितले की ती रेघ आम्ही सुरुवातीपासूनच आखली आहे. हजरत यूसुफ (अ.) यांच्या वृत्तान्ताला कुरआनने सर्वोत्तम कथन म्हटले आहे. तो आमच्यासाठी हिदायत आहे, पात्रांच्या तक्त्यातली ओळ नव्हे. भावाभावांतला मत्सर आपण इतर गोष्टींत ओळखतो, तो या वृत्तान्ताने आपल्याला आधी शिकवले म्हणून.

मग बोलता बोलता हातिमताई निघाला. ते एकदम खुलले. लहानपणी जत्रेतल्या तंबूत त्यांनी होमी वाडियांचा 'हातिमताई' (१९५६) पाहिला होता. दुसऱ्याच्या प्रेमासाठी सात सवालांची उत्तरे शोधत फिरणारा वीर! सगळ्या वीरांच्या प्रवासाची ती गोष्ट, फरक इतकाच की हातिमला स्वतःसाठी काहीच नको असते. आम्ही त्यांना म्हणालो की खरा हातिम हा इस्लामपूर्व काळातला तय कबिल्याचा दानशूर सरदार. त्याची मुलगी कैदी होऊन आली तेव्हा प्रेषितांनी (स.) तिला सन्मानाने मुक्त केले. तिचा भाऊ अदी बिन हातिम (रजि.) पुढे सहाबी झाले. हे त्यांना आमच्याहून चांगले माहीत होते. म्हणाले, "हे मुलांना सांगता?" आम्ही म्हणालो, "तुम्ही येऊन सांगा." ते काही आले नाहीत. मुलीला चित्रपटाच्या तासाला बसण्याची परवानगीही दिली नाही. मात्र घरी तिला हातिमची सातही सवाले सांगितली आणि तिने आणलेला तक्ता वर्गात सगळ्यांत चांगला होता. चित्रपट न पाहताही हा अभ्यास होतो, हे आम्ही तिच्याकडून शिकलो. तेव्हापासून प्रत्येक चित्रपटाला पर्याय म्हणून एक पुस्तक ठेवतो.

एक माहिती मुलांना नेहमी आश्चर्याची वाटते. १९६३ साली आलेल्या 'रुस्तम सोहराब' या हिंदी चित्रपटाचे दिग्दर्शक होते 'रणांगण' कादंबरीचे लेखक विश्राम बेडेकर. फारसी महाकाव्याची गोष्ट, उर्दू वळणाचे संवाद, पृथ्वीराज कपूर रुस्तमच्या भूमिकेत आणि सूत्रे एका मराठी लेखकाच्या हाती. दुसऱ्या बाजूने पाहिले तर श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' लिहून माणसाच्या आतली लढाई मराठीत मांडली. नफ्सशी झगडा म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

वाचक भगिनी-बंधूंनो, हे सगळे शाळेवर सोडू नका. टीव्ही तर घराघरांत चालूच असतो. तो बंद करा असे आम्ही म्हणत नाही आणि मुलांना एकटे त्याच्यासमोर सोडा असेही म्हणत नाही. शेजारी बसा. जेवताना तीनच प्रश्न विचारा : हा माणूस आधी कुठे भेटला? त्याच्यात नवे काय? आणि तो स्वतः काही ठरवतो का? तिसऱ्या प्रश्नावर मूल अडखळले तर समजा की पडद्यावर साचा आहे. त्याला तसे सांगा. म्हणजे उद्या कोणी तो साचा त्याच्या अंगावर चढवायला आला, तर त्याला तो ओळखता येईल. आणि त्यानेही तो दुसऱ्याच्या अंगावर चढवू नये.

घरात दादी-नानी असेल तर आधी तिला विचारा. आमच्या दादीजानला वाचता येत नव्हते. कोण मरतो आणि का मरतो, हे मात्र तिने कधी विसरू दिले नाही.