पुन्हा मत मागणाऱ्याचा हिशेब

मुचकुंदी नदीच्या मुखाशी, किल्ल्याच्या आश्रयाने वसलेल्या पूर्णगडासारख्या गावात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीस उभा राहणारा उमेदवार मतदारांना अनोळखी नसतो. त्याचे घर, त्याची भाऊबंदकी, त्याचा स्वभाव, इतकेच नव्हे तर त्याच्या वडिलांचा स्वभावही गावाला ठाऊक असतो. प्रथम उभे राहताना ही ओळख त्याला पुरते. परंतु पाच वर्षे सदस्यपद भोगून तोच मनुष्य त्याच वाडीत पुन्हा मत मागावयास येतो, तेव्हा “मी तुमच्याच गावचा” हे उत्तर अपुरे ठरते. कारण मतदारांचा प्रश्न आता त्याच्या जन्मगावाविषयी नसून त्याच्या कारभाराविषयी असतो, निदान असावयास हवा.

पुनर्निवडणुकीमागील कल्पना साधी आहे. ज्याच्या हाती सार्वजनिक पैसा व अधिकार दिला, त्याने ठरावीक मुदतीनंतर लोकांसमोर यावे. लोकांनी त्याचे काम पाहून त्याला ठेवावे अथवा घरी पाठवावे. १९९३ साली अंमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना, व ७४ व्या दुरुस्तीने नगरपालिकांना पाच वर्षांची मुदत दिली आणि ती संपण्यापूर्वी नवी निवडणूक पुरी झाली पाहिजे असे बंधन घातले. त्यामुळे हिशेबाची तारीख राज्यकर्त्यांच्या मर्जीवर राहणार नाही, अशी अपेक्षा होती.

प्रत्यक्षात ही तारीख किती दूर जाऊ शकते, हे पूर्णगडकरांना तालुक्याच्या ठिकाणीच पाहावयास मिळाले. २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या रत्नागिरी नगरपरिषदेची मुदत २०२१ च्या डिसेंबरात संपली आणि पुढील मतदान झाले ते २०२५ च्या डिसेंबरात. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाबाबत सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२१ रोजी घातलेल्या अटी, त्यांची पूर्तता, प्रभागरचनेचे वाद यांत महाराष्ट्रातील बहुतेक नगरपालिका अडकल्या. अखेर ६ मे २०२५ रोजी त्याच न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. आरक्षणाचा प्रश्न महत्त्वाचा होता यात शंका नाही. परंतु मधली चार वर्षे प्रशासकाच्या हाती गेल्यानंतर जुना नगरसेवक मत मागावयास आला, तर त्याला जाब तरी कशाचा विचारावयाचा? चांगल्या कामाचे श्रेय तो स्वतःकडे घेऊ शकतो, खड्ड्यांचा दोष प्रशासकावर ढकलू शकतो. आणि प्रशासकाला तर मत मागावयाचेच नसते.

मतपेटीच्या मार्गात अन्य अडचणीही आहेत. राखीव प्रभाग आळीपाळीने बदलतात. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, व हे पाऊल योग्यच होते. परंतु फेरपालटामुळे चांगले काम केलेल्या सदस्यास त्याच प्रभागातून पुन्हा उभे राहता येत नाही, आणि वाईट काम करणाराही त्याच आडोशाने सुटतो. राखीव जागेवर निवडून येऊन कारभार शिकलेल्या स्त्रीला, जागा खुली होताच, “आता घरच्या माणसाला येऊ द्या” असे ऐकावे लागते. तिच्या पाच वर्षांच्या कामाचा निकाल मतदारांपर्यंत पोहोचतच नाही.

तिसरी अडचण बिनविरोध निवडीची. गावात तंटा नको, खर्च नको, म्हणून चारचौघांनी बसून नावे ठरविणे ही रीत अनेक गावांना भूषणास्पद वाटते. हेतू चांगला असेलही. मात्र जेथे मतदानच नाही तेथे मागील कारभाराची परीक्षाही नाही. या रीतीचे विकृत टोक २०२१ च्या जानेवारीत दिसले. नाशिक जिल्ह्यातील उमराणे व नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे पदांचा लिलाव झाल्याचे आढळल्याने राज्य निवडणूक आयोगाला तेथील निवडणूक रद्द करावी लागली.

मुदत लांबते, प्रभाग बदलतो, लढतच होत नाही. मग पाच वर्षांतून एकदा येणाऱ्या मतदानावरच हिशेबाची सारी भिस्त ठेवणे शहाणपणाचे नाही. सुदैवाने खेड्यापुरती तरी कायद्याने दुसरी सोय करून ठेवली आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढे वार्षिक जमाखर्च, मागील वर्षाच्या कारभाराचा अहवाल व लेखापरीक्षणाचे शेरे ठेवणे पंचायतीवर बंधनकारक आहे. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्यात, त्यांपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा व्हावी, असेही कायदा सांगतो. नगरवासीयांच्या वाट्याला एवढेही येत नाही. घटनेने प्रभाग समित्या बंधनकारक केल्या त्या ३ लाख वा त्याहून अधिक लोकवस्तीच्या शहरांपुरत्या. रत्नागिरीसारखे शहर त्यात बसत नाही. म्हणजे जाब विचारण्याच्या बाबतीत पूर्णगडचा मतदार तालुक्याच्या शहरातील मतदारापेक्षा अधिक अधिकारसंपन्न आहे.

हा अधिकार वापरला मात्र जात नाही. ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढीच आहे. तरीही सभा तहकूब होतात. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली १६ लाख ९७ हजारांच्या घरात होती, ती २०११ साली १६ लाख १५ हजारांवर आली. दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आढळल्या. गावचा कर्ता पुरुष मुंबईत, आणि गावात राहिलेल्या स्त्रीला सभेत मागच्या बाजूस बसण्याची सवय, अशी ही स्थिती. चाकरमानी मतदानाला आवर्जून येतो. पण पाखाडीचे काम अर्धे का राहिले, नळ दोन दिवसांआड का येतो, हे रोज सोसणारी व्यक्ती जमाखर्चाच्या सभेत बोलत नाही.

सदस्यांची बाजूही ऐकली पाहिजे. पैसा वरून येतो आणि कशावर खर्चावयाचा हेही वरूनच ठरते, ही त्यांची तक्रार निराधार नाही. २०२१ ते २०२६ या काळासाठी १५ व्या वित्त आयोगाने पंचायतींना दिलेल्या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी व स्वच्छता यांसाठीच बांधून ठेवला होता. परंतु हे सांगण्याची जागाही ग्रामसभाच आहे. किती आले, कशासाठी आले, किती खर्चले व काय राहिले, हे जो दरवर्षी सांगतो त्याची अडचण गाव समजून घेते. जो पाच वर्षे मौन पाळून शेवटच्या पंधरवड्यात दारोदार हिंडतो, त्याच्या अडचणीवर विश्वास कोणी ठेवावा?

जमाखर्च वाचता येणारी माणसे आता प्रत्येक गावात आहेत. शिक्षक आहेत, कचेरीत आयुष्य घालविलेले निवृत्त कारकून आहेत, महाविद्यालयात शिकणारी मुले-मुली आहेत. त्यांनी ग्रामसभेत जाऊन अहवालाची प्रत मागावी, दोन आकड्यांतील तफावत विचारावी आणि आपला प्रश्न इतिवृत्तात नोंदला गेला की नाही हे पाहावे. यात कोणाशी वैर नाही. प्रामाणिक सदस्याला तर हे संरक्षणच आहे, कारण त्याचे काम कागदावर साक्षीदारांसह उभे राहते. अशा पाच अहवालांच्या बळावर तो पुन्हा मत मागावयास आला, तर गावाने त्याला आनंदाने निवडावे. आणि अहवालच नसेल, तर केवळ तो आपल्या गावचा आहे म्हणून मत देण्यास गाव मुळीच बांधलेले नाही.