गोलाई, यंत्र आणि हात

खुर्चीच्या हातावर मनगट टेकवताना किंवा जिन्याच्या वळणदार कठड्याला धरून खाली उतरताना माणूस त्या लाकडाचा सहसा विचार करीत नाही. विचार करण्याची वेळ येत नाही, यातच त्या कामाचे यश असते. एखादी सल बोचली, खळगा लागला किंवा कड टोचली, तरच लक्ष तिकडे जाते. मात्र तो गुळगुळीतपणा ज्या हातांनी निर्माण केला, त्या हातांचे काय झाले, हा प्रश्न फारच थोड्यांना पडतो. सुबक काम आणि सुरक्षित काम या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि सुरक्षिततेच्या मागे लागले तर काम रेंगाळते, अशी समजूत पुष्कळ कार्यशाळांत रुजलेली आढळते. ही समजूत तपासून पाहिली पाहिजे.

सपाट फळी गुळगुळीत करणे तुलनेने सोपे असते. रंध्याचा तळ सपाट, फळीही सपाट. दोघांचे सहज जुळते. वक्र लाकडाचे तसे नसते. फळीतून कापलेल्या कमानीत लाकडाचे तंतू सरळच राहतात. वळते ती केवळ कड. त्यामुळे एकाच कमानीवर कोठे तंतू कडेला समांतर असतात, तर कोठे त्यांची टोके बाहेर येतात. टोकांचा भाग सावकाश झिजतो आणि बाजूचा भाग लवकर झिजतो. दोन्ही ठिकाणी सारखाच जोर दिला, तर गोलाईत न दिसणारे उंचवटे राहतात. डोळ्याला ते दिसत नाहीत. पण तळहात फिरवताच जाणवतात, आणि पॉलिश चढल्यावर प्रकाशात उघडे पडतात.

पूर्वी हे काम कानस, काचेचा तुकडा आणि काचकागद यांच्या साहाय्याने हातानेच होत असे. आज लहान कार्यशाळांतही विजेवर चालणारी यंत्रे आली आहेत. काचकागद गुंडाळलेला उभा दंडगोल ज्यात फिरतो, त्याला कारागीर स्पिंडल सँडर म्हणतात. आतल्या बाजूच्या वळणासाठी तो उपयोगी पडतो. बाहेरच्या फुगीर वळणासाठी काचकागदाची तबकडी किंवा फिरता पट्टा सोयीचा ठरतो. काही यंत्रांतील दंडगोल फिरता फिरता वर-खालीही होतो. त्यामुळे एकाच रेषेवर ओरखडे पडत नाहीत आणि कागदही सारखा झिजतो. यंत्राने वेळ वाचविला, श्रम वाचविले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु यंत्र वेगवान असते, समजूतदार नसते. हाताची चूक एका ओरखड्यावर थांबते. यंत्राची चूक क्षणात लाकूडही खाते आणि बोटही.

म्हणूनच यंत्रावरच्या कामाचे नियम बारकाईने पाहिले, तर एक गोष्ट लक्षात येते. वस्तू देखणी व्हावी म्हणून जे नियम सांगितले जातात, तेच बहुधा कारागिराला वाचविणारेही असतात. आतल्या वळणासाठी दंडगोल निवडताना त्याची त्रिज्या वळणाच्या त्रिज्येहून थोडीशीच कमी असावी. फार लहान दंडगोल ठिकठिकाणी खळगे पाडतो आणि ते घालविण्याच्या नादात कारागीर अधिक जोर लावतो. करवतीने कापताना आखलेल्या रेषेबाहेर सुमारे एक मिलिमीटर लाकूड राखले, तर यंत्राला थोडेच काम उरते. पुष्कळ लाकूड काचकागदाने उतरवू पाहणारा माणूस लाकूड जाळतो, कागद बुजवितो आणि शेवटी निसटत्या हाताचा धोका पत्करतो.

हीच गोष्ट दिशेची. दंडगोल ज्या दिशेने फिरतो, तिच्या विरुद्ध दिशेने लाकूड पुढे सरकवावे. मग ते हाताच्या ताब्यात राहते आणि गोलाई एकसारखी उतरते. फिरण्याच्या दिशेनेच लाकूड ढकलले, तर यंत्र ते हिसकावून घेते. लाकूड एकीकडे फेकले जाते आणि हात फिरत्या कागदावर जातो. तबकडीवर काम करताना तिचा जो अर्धा भाग टेबलाकडे खाली येतो, त्यावरच लाकूड टेकवावे. दुसरा अर्धा भाग ते वर उचलतो. लाकूड एका जागी थबकू न देता संथपणे सरकवीत राहावे. थबकलेल्या जागी खळगा पडतो, लाकूड करपते. काचकागदही पायरीपायरीनेच बदलावा. ८० क्रमांकाच्या खरबरीत कागदानंतर १२०, मग १८० आणि शेवटी २४० असा क्रम ठेवला, तर प्रत्येक कागद आधीच्या कागदाचे ओरखडे पुसून टाकतो. पायरी गाळली की ओरखडे तसेच राहतात. शेवटचा हात मात्र यंत्राचा नसावा. तंतूंच्या दिशेने हातानेच फिरविलेला असावा.

काही दक्षता अशा आहेत, की त्यांचे कारण कळल्यावाचून त्या विचित्र वाटतात. हात वाचविण्यासाठी हातमोजे घालावेत, असे सहज वाटते; पण फिरत्या यंत्राजवळ मोजाच आधी अडकतो आणि हाताला आत ओढतो. सैल बाही, ओढणी, पदर, बांगड्या, मोकळे केस यांबाबतही हेच खरे. लहान तुकडा बोटांत धरण्याऐवजी लाकडी साच्यात पकडून यंत्राला लावावा. टेबल आणि दंडगोल यांमधली फट कमीत कमी ठेवावी. कातारी लेथवर फिरणाऱ्या लाकडाला काचकागद लावतो, तेव्हा त्याने आधाराची पट्टी आधी दूर करावी आणि कागद बोटांभोवती कधीही गुंडाळू नये. सावंतवाडीची लाकडी फळे किंवा कर्नाटकातील चन्नपट्टणची खेळणी हातात घेणाऱ्या मुलाला त्यांची गोलाई तेवढी जाणवते; तिच्यामागे कातकामाची कसलेली शिस्त असते.

येथवर वस्तूचे हित आणि माणसाचे हित एकत्र चालते. धुळीपाशी येताच मात्र हे दोन्ही मार्ग काहीसे वेगळे होतात, आणि खरी कसोटी तेथेच लागते. करवतीचा भुसा जड असतो. तो खाली पडतो, झाडून काढता येतो. सँडरची भुकटी इतकी सूक्ष्म असते, की तिच्यातला सर्वांत घातक भाग डोळ्यांना दिसतही नाही. तो हवेत तरंगत राहतो आणि श्वासाबरोबर नाकात व फुप्फुसांत जातो. ही भुकटी शोषली न गेल्याने वस्तूत मोठे वैगुण्य राहात नाही. गिऱ्हाईक तक्रार करीत नाही, मालकाचे त्वरित नुकसान होत नाही. हिशेब कारागिराच्या शरीरात चढत जातो.

इंग्लंडमधील हाय विकम हे गाव खुर्च्यांच्या उद्योगासाठी प्रसिद्ध होते. वाकविलेल्या पाठीच्या विंडसर खुर्च्या तेथे पिढ्यान्‌पिढ्या बनत. १९६०च्या दशकात त्या परिसरातील डॉक्टरांच्या ध्यानात आले, की नाकाच्या पोकळीतील एक दुर्मीळ कर्करोग फर्निचर बनविणाऱ्या कामगारांत विलक्षण प्रमाणात आढळतो. १९६८ मध्ये हे निरीक्षण ब्रिटनमधील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीचा समावेश मानवाला निश्चितपणे कर्करोगकारक ठरणाऱ्या पदार्थांत केला. धूळ आणि रोग यांच्यात अनेक दशकांचे अंतर असते. म्हणूनच आज खोकला नाही, म्हणजे धोका नाही, हा युक्तिवाद टिकत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो. जुन्या मिस्त्रींनी नाकावर फडके न बांधता आयुष्यभर काम केले, त्यांचे काय बिघडले? परंतु जुने मिस्त्री बहुतांशी हातानेच घासत आणि पुष्कळदा अंगणात किंवा मांडवाखाली बसत. बंद खोलीत, यंत्राच्या वेगाने उठणारी धूळ त्यांच्या वाट्याला आली नव्हती. साधन बदलले, की सवयही बदलावी लागते. दुसरा आक्षेप खर्चाचा. तो अधिक प्रामाणिक आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने धूळ तिच्या उगमाजवळच शोषून घ्यावी, हे तत्त्व मांडले होते. पण विजेवर चालणाऱ्या कारखान्यांपैकी दहा किंवा अधिक कामगार असलेल्यांनाच तो मूळ अधिनियम सामान्यतः लागू होता. दोन-तीन माणसांची सुतारशाळा अशा नियमांच्या कक्षेबाहेरच राहात आली. तेथे शोषण यंत्र लगेच घेता येत नसेल, तर सँडर उघड्या जागी ठेवणे, धूळ गाळणारा योग्य मास्क लावणे, जमीन ओल्या फडक्याने पुसणे, एवढे तरी करता येते. नाकावर बांधलेला साधा रुमाल सूक्ष्म धूळ अडवीत नाही, हेही सांगितले गेले पाहिजे.

तेव्हा सुरक्षितता ही कामात येणारी अडचण नसून कसबाचाच एक भाग आहे, असे मानणे योग्य ठरेल. शिकाऊ मुलाला रंधा कसा धरावा हे पहिल्या दिवशी शिकविले जाते. त्याच दिवशी श्वास कसा जपावा हेही शिकविले गेले पाहिजे. जिन्याच्या कठड्यावरून उद्या अनेक अनोळखी हात निर्धास्तपणे फिरतील. तो कठडा घडविणाऱ्याचा हात आणि श्वास शाबूत राहिला असेल, तेव्हाच ते काम खऱ्या अर्थाने पूर्ण झाले, असे म्हणता येईल.