छायाचित्रणाची पहिली इयत्ता घरातच

घरातील एखादी वडीलधारी व्यक्ती निवर्तते आणि दुःखाच्या पहिल्या धक्क्यातच कुणीतरी हलक्या आवाजात विचारते, ‘फोटो कुठला द्यायचा?’ वृत्तपत्रात निधनवार्ता द्यायची असते, तेराव्यापर्यंत भिंतीवरची तसबीर करून घ्यायची असते. मग घरातील चार-पाच मोबाइल एकत्र केले जातात. त्यांत हजारो छायाचित्रे असतात. सूर्यास्त असतात, उपाहारगृहातील ताटे असतात, नातवाच्या वाढदिवसाचा एकच केक अठरा वेळा असतो. ज्या चेहऱ्याचा शोध चाललेला असतो, तो मात्र कुठल्याशा लग्नातील समूहचित्रात, तिसऱ्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्याआड अर्धा दिसतो. अखेर तेथून तो कापून घेतला जातो, मागचा मांडव पुसून त्या जागी निळा रंग भरला जातो आणि तीच तसबीर पुढची कित्येक वर्षे भिंतीवर राहते.

ज्या घरात छायाचित्रणाची हौस आहे, तेथेही हा प्रसंग टळत नाही, ही गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतून उत्तम कॅमेरा घेणारे गृहस्थ आज गावोगावी भेटतात. नोकरीतील पहिल्या बोनसमधून तोच मार्ग धरणारे तरुणही कमी नाहीत. कॅमेऱ्यामागोमाग दुसरी लेन्स येते, तिकाटणे येते, पाठीवरची खास पिशवी येते. मग भरतपूरचे पक्षी किंवा लडाखचे डोंगर यांच्याकडे प्रयाण होते. परत आल्यावर चित्रे संगणकावर पाहिली जातात आणि मन खट्टू होते. दिनदर्शिकेवर असतात तशी ती आलेली नसतात. यावर उपाय म्हणून तिसरी लेन्स घेतली जाते. हौसेला मोल नसते हे मान्य केले, तरी या हिशेबात कुठेतरी चूक आहे हे सांगायला लेखापालाची गरज नाही.

चूक साधनांत नसून क्रमात आहे. नवशिक्याने पहिले वर्षभर घरातील एका माणसाचे, घरातीलच एका खिडकीपाशी, हाताशी असेल त्या कॅमेऱ्याने चित्र घेत राहावे. तो कॅमेरा मोबाइलमधला असला तरी काही बिघडत नाही. हा सल्ला काहीसा नीरस वाटेल. परंतु त्यामागे एक भक्कम कारण आहे. डोंगराच्या चित्राला परीक्षक नसतो. तो डोंगर त्या सकाळी खरोखर कसा दिसत होता हे घरी कुणालाच ठाऊक नसते, त्यामुळे सगळेच ‘छान’ म्हणून मोकळे होतात. आईच्या चित्राला मात्र घरभर परीक्षक असतात. धाकटी बहीण एका दृष्टिक्षेपात सांगते, ‘ही आई वाटत नाही.’ असे का वाटत नाही, याचा शोध घेणे हेच छायाचित्रणाचे शिक्षण होय.

नोकरदार माणसाने छंद म्हणून ही विद्या आत्मसात केल्याचे आपल्याकडील एक थोर उदाहरण म्हणजे राजा दीनदयाळ. मेरठजवळच्या सरधना येथे १८४४ साली जन्मलेले दीनदयाळ रुरकीला अभियांत्रिकी शिकले आणि इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. तेथे नोकरी सांभाळूनच ते छायाचित्रणाकडे वळले. पुढे हैदराबादच्या सहाव्या निजामांनी त्यांना आपले दरबारी छायाचित्रकार केले आणि ‘राजा’ हा किताब दिला, ही प्रसिद्ध गोष्ट. लक्षात घ्यायचे ते त्यांच्या साधनाचे स्वरूप. काचेच्या एका पट्टीवर एकच चित्र घेता येई. पट्टी वाया गेली की खर्च गेला, श्रम गेले आणि प्रसंगही गेला. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी स्वातंत्र्याच्या आगेमागे दिल्लीत जे काम केले, त्यात रोलायफ्लेक्स कॅमेऱ्याचा वाटा होता. त्या कॅमेऱ्याच्या एका रोलमध्ये बारा चित्रे मावत. तेरावे चित्र हवे असेल तर नवा रोल भरावा लागे आणि तोवर समोरचा नेता मोटारीत बसून निघून गेलेला असे. १९७० साली त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

काटकसरीने डोळ्याला शिस्त लागते. पुढे घरोघरी आलेला छत्तीस चित्रांचा रोलही सहलीत जपून वापरला जाई. शेवटची दोन-तीन चित्रे परतीच्या प्रवासासाठी राखून ठेवली जात. डिजिटल तंत्राने बटण दाबण्याचा खर्च नाहीसा केला. ही निःसंशय सोय झाली, परंतु बटण दाबण्यापूर्वीचा तो क्षणभराचा विचारही त्याबरोबर गेला. तो परत आणायचा तर बंधन स्वतःहून घालून घ्यावे लागेल. आठवड्याला छत्तीसच चित्रे घ्यावीत. घेताना एकही पुसू नये. रविवारी ती सगळी पाहून त्यातले एक निवडावे आणि उरलेली पस्तीस का नकोत हे स्वतःला सांगावे. नवशिके बहुधा पहिली दोन कामे करतात. तिसरे राहून जाते.

आता खिडकीविषयी. घरातील सर्वांत उत्तम दिवा म्हणजे खिडकी आणि तिचे वीजबिल येत नाही. माणसाला खिडकीकडे पाठ करून बसवले की चेहरा काळवंडतो, ही चूक सर्वांनीच केलेली असते. खिडकी बाजूला येईल अशी खुर्ची ठेवावी. चेहऱ्याचा एक भाग उजळतो, दुसरा हळूहळू सावलीत जातो आणि सुरकुत्यांना, गालाच्या उंचवट्याला आकार येतो. सावली फार गडद वाटल्यास त्या बाजूला पांढरी चादर धरावी. परतलेला प्रकाश पुरेसा असतो. खोलीतील ट्यूबलाइट मात्र बंद करावी. दिवसाचा आणि ट्यूबचा प्रकाश भिन्न रंगांचा असतो. डोळा ते सावरून घेतो, कॅमेऱ्याला ते तितकेसे जमत नाही आणि कातडीवर विचित्र छटा उमटते. उत्तरेकडील खिडकीचा उजेड बराच वेळ एकसारखा राहतो. पूर्वेची असेल तर सकाळचे ऊन थेट येते. अशा वेळी जुने पांढरे धोतर पडद्यासारखे लावले की तेच ऊन दुधासारखे मऊ होते. खुर्ची खिडकीपासून दोन पावले मागे नेली तरी प्रकाश किती झपाट्याने उतरतो, हे एकदा करून पाहावे. त्याविषयी दहा पाने वाचण्यापेक्षा ते अधिक उपयोगी पडते.

दुसरी अडचण पांढऱ्या लुगड्याची. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. पांढरी साडी नेसलेली आजी पांढऱ्या भिंतीपुढे बसली की त्याला वाटते, उजेड फार झाला. तो चित्र अंधारतो आणि साडी मळकट दिसते. ताजमहालाची राखाडी चित्रे पुष्कळदा अशीच जन्माला येतात. उलट काळ्या पाषाणाचे मंदिर चौकटभर असले की तो ते नको तितके उजळतो आणि दगड धुळकट होतो. यावर उपाय सोपा आहे. कॅमेऱ्यावर अधिक-उणे चिन्ह असते. पांढऱ्यासाठी अधिक, काळ्यासाठी उणे. मोबाइलमध्ये चेहऱ्यावर बोट टेकवले की बऱ्याचदा शेजारी सूर्याचे चिन्ह येते, ते वर-खाली सरकवावे. हे एवढे कळले तरी निम्म्या तक्रारी मिटतात.

मोबाइलची मुख्य लेन्स रुंद दृश्य टिपणारी असते. चेहरा मोठा यावा म्हणून ती हातभर अंतरावर नेली की नाक फुगते आणि कान मागे पळतात. ‘ही आई वाटत नाही’ याचे हे एक नेहमीचे कारण. दोन पावले मागे सरावे आणि दुप्पट जवळचे दाखवणारी सोय वापरावी. हाताचा कंप टाळण्यासाठी कोपरे अंगाशी टेकवावीत. चौकटीचे तीन भाग पाडण्याचा नियम पुस्तकांत पहिल्याच पानावर भेटतो. तो वाईट नाही, पण त्याचे जितके स्तोम माजवले जाते तितकी त्याची योग्यता नाही.

तंत्राहून अवघड असतो तो समोरचा माणूस. ‘आता कशाला माझा फोटो?’ हे वाक्य ठरलेलेच. आग्रह झालाच तर जुन्या स्टुडिओच्या सवयीने पाठ ताठ होते, तळवे गुडघ्यांवर जातात आणि श्वास रोखला जातो. येथे घाई उपयोगाची नाही. आईला वाती वळू द्याव्यात, बाबांना चष्म्याच्या काचा पुसत बातम्यांवर चिडू द्यावे. कॅमेरा महिनाभर रोज समोर असला की त्याची दखल घेणे थांबते आणि मग चेहरा आपल्या मूळच्या जागी येतो. नको म्हटल्यावर मात्र खरोखर थांबावे. आणि जो हौशी माणूस घरातल्या सगळ्यांची चित्रे घेतो, तो स्वतः कुठल्याच चित्रात नसतो. त्याने ही विद्या घरातील आणखी एकाला शिकवलेली बरी.

छंदावर स्मृतींचे हे ओझे कशाला, असा आक्षेप कुणी घेईल. तो अगदीच निराधार नाही. ज्याला पाखरांचेच वेड आहे त्याने खुशाल पाणथळीच्या काठी पहाट काढावी. परंतु खिडकीपाशी वर्ष काढलेला माणूस प्रवासाला निघतो तेव्हा तो प्रथम सूर्य कुठे आहे ते पाहतो. काशीचे घाट गंगेच्या पश्चिम तीरावर, पूर्वाभिमुख आहेत. त्यांच्या पायऱ्यांवर सोने उतरते ते सकाळी, सायंकाळी तेथे सावली असते. वेरूळचे कैलास लेणे पश्चिमाभिमुख, म्हणून तेथे दुपारनंतर जावे. मुंबईचे गेटवे ऑफ इंडिया शहराच्या बाजूने टिपायचे तर सकाळी ऊन थेट भिंगात शिरते. ज्याने घरच्या खुर्चीची जागा दहा वेळा बदलून पाहिली आहे, त्याला हे सांगावे लागत नाही.

राहिला प्रश्न निवडलेल्या चित्रांचा. मोबाइल हरवतो, बिघडतो, परवलीचा शब्द विसरला जातो. आठवड्याचे एक याप्रमाणे वर्षाकाठी बावन्न चित्रे होतात. त्यातली बारा जरी कागदावर छापून घेतली तरी खर्च एका बऱ्या भोजनाहून अधिक होत नाही. आजच्या गुळगुळीत कागदामागे पेन्सिल नीट उमटत नाही आणि बॉलपेनने दाबून लिहिले तर अक्षरे पुढच्या बाजूला उठतात. म्हणून अल्बमच्या पानावर, चित्राच्या खाली लिहावे. पूर्ण नाव, गाव, तारीख आणि ती व्यक्ती त्या वेळी काय करीत होती ते. ‘आई, वाती वळताना, पूर्वेच्या खिडकीशी, सकाळी नऊ’ एवढे पुरे.