रंगाला पैसे आहेत, मजुरीला नाहीत?



गेल्या बैठकीत मुलांकडून भिंतचित्र करून घेण्याचा विषय निघाला, तेव्हा एका मित्राने सुचवले, "रंगाचा खर्च आपण देऊ. मुलांना पैसे कशाला? सर्टिफिकेट देऊ की!" बऱ्याच माना डोलल्या. मीही गप्प बसलो, म्हणून आता लिहितो आहे.

फिलाडेल्फियाचे उदाहरण आपल्यापैकी अनेकांनी गाडीच्या काचेतून पाहिले असेल. १९८४ साली महापौर विल्सन गुड यांनी तिथे अँटी-ग्राफिटी नेटवर्क सुरू केले. हेतू भिंती स्वच्छ करण्याचा होता. पण त्यात कामाला आलेल्या चित्रकार जेन गोल्डन यांनी ओळखले की रात्री चोरून स्प्रे मारणाऱ्या या पोरांच्या हातात कला आहे. त्यांनी पोरांना मोठी चित्रे करायला लावली. १९९६ साली त्यातून म्युरल आर्ट्स प्रोग्रॅम उभा राहिला, आणि आजवर शहरात चार हजारांच्या वर कलाकृती झाल्या आहेत.

हे काम म्हणजे हौसेने ब्रश फिरवणे नव्हे. वस्तीतल्या लोकांबरोबर बसून विषय ठरवायचा. भिंतीचा गिलावा दुरुस्त करायचा. चित्राचे चौकोन पाडून ते पातळ पॅराशूट क्लॉथवर तुकड्या-तुकड्यांनी रंगवायचे, मग परांचीवर चढून अॅक्रिलिक जेलने भिंतीला चिकटवायचे. (रसायनाच्या माणसाला राहवत नाही: उन्हात काही सेंद्रिय रंग लवकर उडतात, लोहाचे ऑक्साइड टिकतात. हेही शिकावे लागते.) कापडाचा एक फायदा असा की ते कुठेही नेता येते. २००४ साली पूर्ण झालेल्या 'हीलिंग वॉल्स' या जोडचित्राचे काही भाग ग्रेटरफर्डच्या तुरुंगात कैद्यांनी रंगवले, आणि गुन्ह्यांची झळ बसलेली माणसेही त्या कामात होती.

या संस्थेचा 'गिल्ड' हा उपक्रम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तुरुंगातून सुटून आलेल्यांना आणि प्रोबेशनवरच्या तरुणांना तिथे भिंतचित्राबरोबर सुतारकामही शिकवतात, आणि शिकताना पगार देतात.

आपली मुले उन्हाळ्यात फुकट इंटर्नशिप करू शकतात, कारण घरचे भाडे आपण भरतो. माझ्या लॅबमध्येही पूर्वी बिनपगारी विद्यार्थी घेत असू. कोण येत असे? डॉक्टरांची, प्राध्यापकांची मुले. ज्याला दुकानात तासावर काम करून घरी पैसे द्यायचे आहेत, तो अर्जच करत नसे, आणि आम्ही समजायचो की त्याला विज्ञानात रस नाही! उन्हाळ्याचा पगार ठेवल्यावर अर्ज बदलले.

भिंत रंगवल्याने गळकी शाळा दुरुस्त होत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. वस्ती महाग झाली की शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर इमारत येते आणि चित्र झाकले जाते, हेही फिलाडेल्फियात घडले आहे. चित्र गेले तरी मुलाच्या हातातले काम आणि त्याने मिळवलेला पगार जात नाही.

आपल्या गणेशोत्सवाची सजावट दरवर्षी एखादा होतकरू चित्रकार रात्री जागून करतो. कॅटररला चेक मिळतो, साऊंडवाल्याला मिळतो, आणि त्याला मिळतात शाल-श्रीफळ. तेव्हाही आपण टाळ्याच वाजवतो.

पुढच्या बैठकीत मी बजेट मांडणार आहे. त्यात पहिली ओळ मुलांच्या तासांच्या मजुरीची असेल, रंग दुसऱ्या ओळीवर. पैसे कमी पडले तर भिंत लहान घेऊ.