चवळी, बाजरी आणि आपली ‘शी’



आफ्रिकेतलं जेवण जैन स्वयंपाकघरात शिजूच शकत नाही, असं ज्यांचं ठाम मत आहे, त्यांच्यासाठी आजचा लेख. जरा तिखट होणार आहे, आधीच सांगून ठेवते.

एप्रिलपासून मी लेकीकडे आक्रा इथे, म्हणजे घानाच्या राजधानीत आहे. इथला मोठा पावसाळा साधारण एप्रिल ते जुलै, जूनमध्ये सगळ्यात जोर. दुपारी तीनलाच आभाळ काळं होतं, वारा सुटतो, दारं-खिडक्या आपटतात आणि वीज जाते. या वीज जाण्या-येण्याला इथली माणसं ‘दुमसोर’ म्हणतात. दुम म्हणजे बंद, सोर म्हणजे सुरू. हा पाऊस भज्यांपुरता नसतो. ३ जून २०१५ च्या रात्री शहरात पूर आला, पेट्रोलपंपावर आडोशाला थांबलेली माणसं स्फोटात सापडली, दीडशेच्या वर जीव गेले. म्हणून ढग गडगडले की आपली माणसं घरात असावीत आणि त्यांच्या पुढ्यात काहीतरी गरम, मऊ, पोटभरीचं असावं, एवढंच इथल्या आईला वाटतं. सांगलीतल्या आईला काय वेगळं वाटतं?

अशा दिवशी माझी नात ‘वाच्ये’ मागते. मागच्या आठवड्यात ती फोनवर नात्यातल्या एका बाईंना हे हौसेने सांगत होती. पलीकडून उत्तर आलं, ‘‘शी! त्या लोकांचं कसलं गं खातेस? आजी देते तरी कशी?’’ पोर एकदम गप्प झाली. तेव्हापासून फोनवर ती जेवणाचा विषय काढत नाही. म्हणून मला काढावा लागतोय.

वाच्ये म्हणजे काय, ते आधी ऐका. चवळी आणि तांदूळ. ज्वारीच्या ताटाची वाळलेली पानं इथे बाजारात जुड्या बांधून मिळतात. सहा-सात पानं स्वच्छ धुऊन, तीन-चार तास भिजलेल्या वाटीभर चवळीबरोबर उकळायची. पाणी गर्द तांबूस झालं आणि चवळी बोटचेपी झाली की पानं काढून टाकायची, दोन वाट्या तांदूळ आणि मीठ घालून मंद आचेवर मुरू द्यायचं. झालं. कांदा नाही, लसूण नाही. रस्त्यावर त्याच्यासोबत मासळीची काळी चटणी देतात, ती आपल्याला चालत नाही. घरी मी टोमॅटो-मिरचीची करते.

दुसरा पदार्थ शेंगदाण्याचं सूप, ‘न्काटेन्क्वान’. भाजलेल्या दाण्यांचं गुळगुळीत वाटण, टोमॅटो, मिरची, पाणी. वर तेल तरंगेपर्यंत उकळायचं. इथे त्यात कोंबडी किंवा बकऱ्याचं मांस घालतात, मी तांबडा भोपळा घालते आणि आल्याऐवजी सुंठ. सोबत ‘ओमो तुओ’, म्हणजे मऊ भात घोटून वळलेले गोळे. आपल्या उपासाच्या दाण्याच्या आमटीची ही सख्खी बहीण. भुईमूग जमिनीखाली येतो खरा, पण ती शेंग आहे, कंद नाही, हे आपल्याला आजवर चालत आलंच आहे.

आता न चालणाऱ्या गोष्टी. फुफूत कसावा असतो, तो कंद, नाही. सुरणासारखा याम, नाही. केंकीचं मक्याचं पीठ दिवसच्या दिवस आंबवतात, नाही. पळवाट मी काढत नाही. इथे वर्षभर सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून वादळ असो नसो, चारला माझी शेगडी पेटते. दमट हवेत चवळीला भुंगे लवकर लागतात, म्हणून ती उजेडात दोनदा निवडते. आपले नियम हे आहेत: भांड्यात काय आहे, त्यात कोणाचा जीव गेला, कोणत्या वेळी शिजलं. पदार्थ कोणत्या रंगाच्या माणसाने आधी शिजवला, हा प्रश्न आपल्या कोणत्याही नियमात नाही.

आणि ‘आपलं’ कशाला म्हणता? मी बी.कॉम. आहे, खतावणी तपासायची सवय आहे. आपल्या ताटाचं खातं उघडून बघू. चवळी आफ्रिकेची, घानाच्याच मध्यभागी किंटाम्पो भागात तिचे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे दाणे सापडलेत. बाजरी पश्चिम आफ्रिकेची. मालीमध्ये माणूस ती साडेचार हजार वर्षांपूर्वी पिकवत होता. ज्वारीसुद्धा आफ्रिकेचीच. संक्रांतीची बाजरीची भाकरी कोणाकडून आली, ते आता तुम्हीच सांगा. उलट मिरची, टोमॅटो आणि भुईमूग अमेरिकेतून आले, त्यांच्याकडेही आणि आपल्याकडेही. म्हणजे दोन्ही सुपं सारखीच जुनी आणि सारखीच ‘परकी’.

सगळ्यात मोठी गंमत तेलाची. इथलं लाल पामतेल बघून आपल्या बायका नाक मुरडतात. तो रंग कॅरोटीनचा, गाजरात असतो तोच. पामचं हे झाड मूळ पश्चिम आफ्रिकेचं. १८४८ मध्ये त्याची चार रोपं जावा बेटावर बोगोरच्या बागेत लावली गेली, आणि तिकडे पुढे मळे वाढले. आज पामतेल आयात करण्यात भारत जगात पहिला आहे. तेच तेल रंग आणि वास काढून पुड्यातल्या फरसाणात येतं, बिस्किटात येतं, आणि ते आपण पाहुण्यांपुढे ठेवतो. रंग काढला की शुद्ध आणि रंगासकट ‘शी’? मग नावड तेलाची नाही, रंगाची आहे.

‘‘पण ते लोक मांस-मासळी खातात ना!’’ खातात. आपल्या गावात आपले निम्मे शेजारी खात नाहीत का? इटलीत खात नाहीत का? तरी ‘जैन पिझ्झा’ आपल्या वाढदिवसांना चालतो. इटलीच्या पदार्थातून न चालणारं काढून आपण तो आनंदाने खातो आणि घानाच्या पदार्थाला हातही लावत नाही. ही आहारशुद्धी नव्हे, हा दुजाभाव आहे.

सम्यग्दर्शनाची आठ अंगं आपण पाठशाळेत शिकलो. त्यातलं तिसरं निर्विचिकित्सा, म्हणजे किळस न करणं. आठ मदही शिकलो. कुलाचा मद आणि जातीचा मद त्यातच आहेत. कांदा टाळून मद पाळला, तर हिशोबात शिल्लक काय राहते? आहाराचा नियम हिंसा टाळण्यासाठी आहे. एका आठ वर्षांच्या मुलीचा आवडता घास तिच्या तोंडात कडू करणं ही कोणती अहिंसा?

पदार्थ नाकारायचा तर जरूर नाकारा, पण कारण सांगून: कंद आहे, आंबवलेलं आहे, रात्र झाली. ‘शी’ हे कारण नाही. आणि तुमच्याकडे आता पाऊस लागेलच. डब्यात चवळी असेल, तांदूळ असेलच. ज्वारीची पानं नाही मिळाली तर रंग येणार नाही, बाकी काही अडत नाही. दिवेलागणीच्या आत करा, पोरांना गरम गरम वाढा, आणि कुठला पदार्थ म्हणून विचारलं तर घानाचा म्हणून सांगा.